फुफ्फुस किती ताठ आहे, आणि कुठल्या दाबावर?

फुफ्फुसाच्या ऊतीचा ताठपणा किती, असं कुणी विचारलं तर ०.३ किलोपास्कलपासून १६ किलोपास्कलपर्यंत कुठलाही आकडा काढून दाखवता येतो. गंमत अशी की त्यातले बहुतेक आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. कुणी अख्खं फुफ्फुस फुगवून मोजलेलं असतं, कुणी कापलेली पट्टी ओढून, कुणी सूक्ष्मदर्शकाखाली एकाच भिंतीवर टोचून. शब्द एकच, 'ताठपणा', पण मोजलेल्या गोष्टी तीन. म्हणून आकडा समोर आला की आधी विचारायचं: कोणाचा ताठपणा, किती ताणलेल्या अवस्थेत, किती वेगाने?

यकृतासारख्या भरीव अवयवात हा घोळ इतका होत नाही. फुफ्फुस मात्र मुळात हवेचा फेस आहे. काही मायक्रोमीटर जाडीच्या भिंती, त्यांत इलास्टिन आणि कोलॅजनचे धागे, आणि भिंतींच्या आतल्या बाजूला द्रवाचा पातळ थर. फुफ्फुस फुगवताना आपण धागे ताणतो, भिंतींची मांडणी बदलतो आणि त्या द्रवाचा पृष्ठभागही वाढवतो. तिन्हींचा विरोध एकत्र होऊन दाबमापकावर दिसतो.

यातला पृष्ठताणाचा वाटा किती मोठा आहे हे कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९ मध्येच दाखवलं होतं. फुफ्फुसात हवेऐवजी द्रव भरला की हवा आणि द्रव यांच्यातला पृष्ठभागच नाहीसा होतो, आणि तेवढंच आकारमान गाठायला लागणारा दाब निम्म्याहून खाली येतो. हवेने पूर्ण फुगायला २५ ते ३० सेंटिमीटर पाणी इतका दाब लागतो, तिथे सलाइनने भरलेलं फुफ्फुस १० सेंटिमीटरच्या आतबाहेरच भरतं. (१ सेंटिमीटर पाणी म्हणजे ९८ पास्कल. हे रूपांतर पुढे सारखं लागणार आहे.) याचा रोजच्या कामातला अर्थ असा की क्रेब्ज द्रावणात (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी) बुडवून ओढलेल्या पट्टीत पृष्ठताण शून्य असतो आणि जिवंत फुफ्फुसात तो मोठा भागीदार असतो. या दोन ठिकाणचे आकडे एका आलेखात शेजारी मांडणं चूकच.

अख्खं फुफ्फुस: उंदरावरची मोजणी

उंदरावर बहुतेक प्रयोगशाळा पिस्टनवर चालणारं व्हेंटिलेटर वापरतात. फ्लेक्सिव्हेंट हे त्यातलं सर्वांत रुळलेलं यंत्र. पिस्टन ठरलेल्या लहरींनी हवा आत ढकलतो, दाब आणि आकारमान मोजतो आणि त्यावरून फुफ्फुसाचा प्रतिबाध, म्हणजे त्या लहरींना होणारा एकूण विरोध, काढतो. भूल पुरेशी खोल झाल्यावर श्वासनलिकेत १८ गेजची बोथट टोकाची सुई घालून दोऱ्याने दोन ठिकाणी घट्ट बांधायची. श्वसन किलोला १० मिलिलिटर, म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला ०.२५ मिलिलिटर, मिनिटाला १५० वेळा, आणि श्वासाच्या शेवटी ३ सेंटिमीटर पाण्याचा दाब राखलेला. भूल नीट आहे याची खात्री करून मगच स्नायू शिथिल करणारं औषध द्यायचं, कारण मोजणीच्या तीन सेकंदांत प्राण्याने स्वतः एक श्वास जरी घेतला तरी ती मोजणी वाया जाते.

जनावर जोडण्याआधी सुई जोडलेल्या अवस्थेत नळी एकदा बंद आणि एकदा उघडी ठेवून कॅलिब्रेशन करायचं. बंद अवस्थेत यंत्रातल्या हवेची दबण्याची क्षमता कळते, उघड्या अवस्थेत सुई आणि नळ्यांचा रोध. दुपारी सुई बदलली आणि सकाळचंच कॅलिब्रेशन चालू ठेवलं, तर श्वासमार्गाचा रोध बदललेला दिसेल आणि औषधाचा परिणाम म्हणून त्यावर चर्चाही होईल.

मग फुफ्फुस ३० सेंटिमीटर पाण्यापर्यंत सावकाश फुगवून काही सेकंद धरायचं. यामागे दोन हेतू. मिटलेले वायुकोश उघडतात, आणि प्रत्येक जनावराचा 'आकारमानाचा इतिहास' सारखा होतो. धरलेला असताना दाब सारखा उतरत राहिला तर गळती आहे, दोरा पुन्हा बांधा. थोडासा उतार मात्र नैसर्गिक असतो, कारण ऊती ताणून ठेवली की स्ट्रेस, म्हणजे दर क्षेत्रफळामागचं बल, हळूहळू सैलावतो. पण तो उतार मंदावत जातो, गळतीचा मंदावत नाही.

फुगवल्यानंतर किती वेळाने मोजलं हे मिनिट-सेकंदांत ठरवून ठेवायचं. कमी दाबावर श्वसन चालू असताना वायुकोश एकेक करून मिटत जातात आणि काही मिनिटांत निरोगी उंदराचाही ताठपणा वर सरकतो. एका गटात फुगवल्यावर लगेच मोजलं आणि दुसऱ्यात पाच मिनिटांनी, तर निघालेला फरक आजाराचा नसून घड्याळाचा असतो.

मोजणीची लहर साधारण ३ सेकंदांची, १ ते २०.५ हर्ट्झ दरम्यानच्या अनेक वारंवारता एकत्र मिसळलेली. या वारंवारता एकमेकींच्या पटीत येऊ नयेत अशा निवडतात. फुफ्फुस सरळ रेषेत वागत नाही. एका वारंवारतेने ढकललं की तिच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेवरही थोडा प्रतिसाद उमटतो, आणि तिथेच दुसरी मोजणी चालू असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळतात.

मिळालेल्या प्रतिबाधावर हांतोश आणि सहकाऱ्यांचं १९९२ चं 'कॉन्स्टंट फेज' प्रारूप बसवतात. त्यातून श्वासमार्गाचा रोध, ऊतीत खर्ची पडणारी ऊर्जा सांगणारा 'जी' आणि परत मिळणारी ऊर्जा सांगणारा 'एच' असे आकडे येतात. निरोगी प्रौढ उंदरात 'एच' साधारण २० ते ३० सेंटिमीटर पाणी प्रति मिलिलिटर. प्रारूप किती नीट बसलं याचा निर्देशांक ०.९ च्या खाली गेला तर ती मोजणी टाकून द्यायची. यावर घासाघीस करू नये. तीन चांगल्या मोजण्यांची सरासरी पाच संशयास्पद मोजण्यांपेक्षा भली.

आता 'एच' वाढला म्हणजे ऊती ताठ झाली, असं धरणं ही या क्षेत्रातली सर्वांत लाडकी चूक. 'एच' हा पदार्थाचा गुणधर्म नाही, त्या फुफ्फुसाचा आहे. अर्धं फुफ्फुस द्रवाने भरून बंद पडलं आणि उरलेलं अर्धं अगदी निरोगी असलं, तरी 'एच' दुप्पट होतो. फरक ओळखायला 'जी' भागिले 'एच', म्हणजे फ्रेडबर्ग आणि स्टामेनोविच यांनी १९८९ मध्ये मांडलेलं ईटा, उपयोगी पडतं. ऊतीत ते ०.१ ते ०.२ च्या आसपास असतं. 'जी' आणि 'एच' सारख्याच पटीने वाढले आणि ईटा जागचं हललं नाही, तर फुफ्फुस 'लहान' झालं असण्याची शक्यता आधी तपासा. ईटा वाढलं तर फुफ्फुसाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेगाने भरत आहेत, असा संशय घ्यायचा. दोन्ही अनुमानं आहेत, पुरावा नव्हे. पण पुढचा प्रयोग कोणता करायचा ते त्यांतून कळतं.

याच यंत्रावर दाब आणि आकारमानाचा आलेखही काढावा. पायरीपायरीने ३० सेंटिमीटरपर्यंत वर, प्रत्येक पायरीवर सेकंदभर थांबा, आणि तसंच खाली. खाली येणारी कड महत्त्वाची, कारण वर जाताना वायुकोश उघडण्याचा खर्च मिसळलेला असतो. त्या कडेवर सालाझार आणि नोल्स यांचं १९६४ चं घातांकी समीकरण बसवतात: आकारमान बरोबर 'ए' वजा 'बी' गुणिले ऋण घातांकी पद, आणि त्या घातांकात 'के' गुणिले दाब. 'ए' म्हणजे अनंत दाबावरचं कल्पित आकारमान, 'के' म्हणजे कडेचा बाक. समीकरण फक्त वरच्या, खाली वाकलेल्या भागालाच लागू पडतं. कमी दाबाकडचा उलटा बाक त्यात घातला की 'के' बिघडतो. एम्फिसीमात (वायुकोशांच्या भिंती नष्ट होण्याचा आजार) 'के' वाढतो. फायब्रोसिसमध्ये (फुफ्फुसात व्रणासारखी ऊती साचण्याचा आजार) मात्र पुष्कळदा 'ए' घसरतो आणि 'के' फारसा हलत नाही, म्हणजे पुन्हा तेच: उरलेलं फुफ्फुस बऱ्यापैकी नेहमीसारखं, फक्त कमी.

पृष्ठताण आणि ऊती यांची फारकत करायची असेल तर शेवटी फुफ्फुस काढून, हवा पूर्ण काढून, सलाइनने भरून तोच आलेख पुन्हा काढायचा. दोन कडांमधलं अंतर पृष्ठताणाचं, सलाइनची कड ऊतीची. काम कंटाळवाणं आहे, एखादा बुडबुडा राहिला तरी कड सरकते. पण सर्फॅक्टंट (पृष्ठताण कमी करणारा फुफ्फुसातला पदार्थ) बिघडलंय की कोलॅजन वाढलंय या वादात दुसरं काही इतकं सरळ उत्तर देत नाही.

पट्टी ओढणं

पदार्थाचा गुणधर्म हवा असेल तर पट्टी कापून ओढायची. वाटतं तितकं सोपं नाही.

आधी भारमापक. दहा न्यूटनचा साधा लोडसेल इथे कामाचा नाही. त्याची अचूकता पूर्ण क्षमतेच्या ०.१ टक्का धरली तरी चूक १० मिलिन्यूटनची, आणि फुफ्फुसाच्या बारीक पट्टीत सगळा खेळच मुळी तेवढ्या बलाचा असतो. ५० ते ५०० मिलिन्यूटन क्षमतेचा घ्या.

पट्टी कापताना फुफ्फुसाचं आवरण आणि मिलिमीटरहून जाड श्वासनलिका टाळायच्या. नलिकेची भिंत आजूबाजूच्या ऊतीपेक्षा पुष्कळ ताठ असते आणि एक नलिका लांबीला समांतर आली की तुम्ही तिचाच ताठपणा मोजता. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेली ऊती कधीच वापरू नये, ते रसायन प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं. गोठवलेली शक्यतो नको, बर्फाचे स्फटिक भिंती फाडतात. ताजी ऊती ४ अंशांवर ठेवून २४ तासांच्या आत वापरावी. चाचणी ३७ अंशांच्या क्रेब्ज द्रावणात, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड बुडबुडवत. वायू बंद पडला तर द्रावणाचा सामू चढतो आणि गुळगुळीत स्नायू आपल्या मर्जीने आखडू लागतात.

टोकं पकडायला चिमटे लावले तर ऊती चिरडते आणि निसटते. त्यापेक्षा धातूच्या बारीक पट्ट्यांना सायनोॲक्रिलेटने चिकटवणं बरं. मात्र हा गोंद ओल्या ऊतीत झिरपत जातो आणि टोकाचा मिलिमीटर-दोन मिलिमीटर भाग दगड करून टाकतो. थेंब अगदी लहान घ्या, आणि लांबी धातूपासून न मोजता गोंदाच्या कडेपासून मोजा. त्याहून चांगलं म्हणजे मधल्या भागात शाईचे दोन ठिपके देऊन कॅमेऱ्याने त्यांच्यातलं अंतर टिपणं. स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ, त्या ठिपक्यांवरून काढा. पकडींमधल्या अंतरावरून काढलेल्या स्ट्रेनमध्ये टोकांचं सरकणंही जमा होतं.

शून्य कुठे धरायचं? विश्रांतीतली फुफ्फुसाची पट्टी ओल्या कापडासारखी लोंबते, तिला स्वतःची अशी लांबी नसते. बल एका ठरलेल्या किमतीला, समजा १ मिलिन्यूटनला, पोहोचलं की ती मूळ लांबी, असा नियम करून सगळ्या पट्ट्यांना तोच लावायचा. किंमत कोणती यापेक्षा ती लिहिलेली असणं जास्त महत्त्वाचं.

किती ताणायचं हे साध्या हिशेबातून येतं. प्रौढ माणसात शांत उच्छ्वासाच्या शेवटी अडीच लिटर आणि पूर्ण श्वासाला ६ लिटर धरले तर आकारमान २.४ पट होतं. त्याचं घनमूळ १.३४, म्हणजे लांबीत ३४ टक्के वाढ. शांत श्वासाचे ५०० मिलिलिटर म्हणजे आकारमानात २० टक्के, लांबीत जेमतेम ६ टक्के. म्हणून ३० टक्क्यांपर्यंतची चाचणी खोल श्वासाची आणि ५ टक्क्यांची शांत श्वासाची. शंभर टक्के ताणून काढलेला मोड्यूलस (स्ट्रेस भागिले स्ट्रेन) शिवणाऱ्या शल्यविशारदाला उपयोगी पडेल, श्वसनाशी त्याचा संबंध नाही.

पहिली काही आवर्तनं फेकून द्यायची असतात. पहिल्या ओढीत पट्टी सर्वांत ताठ, दुसरीत सैल, आणि पाच ते दहा आवर्तनांनंतर आलेख एकमेकांवर बसू लागतात. त्यानंतरचं मोजायचं. मध्येच थांबून चहा पिऊन आलात तर पुन्हा पहिल्यापासून, कारण ऊती विश्रांतीत बरंचसं पूर्वपदावर येते.

स्ट्रेस म्हणजे बल भागिले छेद. खरी मारामारी इथे आहे. बाहेरून मोजलेला छेद मुख्यतः रिकाम्या जागेचा असतो. रुळलेला उपाय म्हणजे वजनावरून छेद काढणं: वस्तुमान भागिले (घनता गुणिले लांबी), घनता १.०६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. समजा पट्टी १ सेंटिमीटर लांब, बाहेरून ४ बाय ४ मिलिमीटर, वजन ५० मिलिग्रॅम. वजनावरून छेद येतो ४.७ चौरस मिलिमीटर, बाहेरून १६. बल १० मिलिन्यूटन असेल तर पहिल्या हिशेबाने स्ट्रेस २.१ किलोपास्कल, दुसऱ्याने ०.६३. तीच पट्टी, तेच बल, आणि तिपटीहून जास्त फरक. वजनाच्या पद्धतीतही खोट आहे: वायुकोशांत अडकलेलं द्रावणही वजनात येतं. टिपकागदावर प्रत्येक पट्टी ठरलेले सेकंद, ठरलेल्या दाबाने टिपायची, एवढंच करता येतं.

या छेदाच्या कटकटीतून सुटायची एक वाट आहे आणि ती फारशी वापरली जात नाही याचं नवल वाटतं. मऊ ऊतींचा आलेख साधारण घातांकी असतो, म्हणजे प्रत्येक बिंदूवरचा उतार (त्या क्षणीचा मोड्यूलस) स्ट्रेसबरोबर सरळ रेषेत वाढतो. उतार विरुद्ध स्ट्रेस असा आलेख काढला की त्या रेषेचा चढ हा एकक नसलेला आकडा मिळतो. छेद चुकला तर दोन्ही अक्ष सारख्याच पटीने चुकतात आणि चढ तोच राहतो. दोन प्रयोगशाळांची तुलना करायची तर आधी हा आकडा बघावा.

आलेखाचा आकारही बोलतो. सुरुवातीचा सपाट भाग मुख्यतः इलास्टिनचा. तिथे कोलॅजनचे धागे अजून नागमोडीच असतात. पुढे ते सरळ होऊन भार घेऊ लागतात आणि आलेख उभा चढतो. इलास्टेजने पचवलेल्या पट्टीचा सुरुवातीचा भाग ढिला पडतो, कोलॅजनेजने पचवलेलीचा शेवटचा. म्हणून 'मोड्यूलस अमुक' एवढंच लिहिलेलं असेल आणि तो किती स्ट्रेनवरचा ते नसेल, तर त्या आकड्याचं काही करता येत नाही.

वेगाचं थोडक्यात. फुफ्फुसाची ऊती ताणून धरली की स्ट्रेस काळाच्या लहान घातांकाने उतरत जातो, तो एका ठरावीक वेळी थांबत नाही. त्यामुळे दर आवर्तनाला वाया जाणाऱ्या ऊर्जेचं प्रमाण वारंवारतेवर फारसं अवलंबून नसतं आणि ताठपणा वेगाबरोबर अगदी हळू वाढतो. एक हर्ट्झला मोजलं की दोनला, याने मोठं नुकसान होत नाही. एक हर्ट्झ आणि मिनिटाला एक टक्का इतकी संथ ओढ यांची गल्लत केली तर होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली टोचणं

पेशीला शेजारची भिंत किती ताठ लागते हे हवं असेल तर अणुबल सूक्ष्मदर्शक, म्हणजे एएफएम: एका लवचीक बारीक पट्टीच्या टोकाने ऊतीवर टोचायचं आणि ती पट्टी किती वाकते ते लेसरने टिपायचं. इथे सर्वांत जास्त चुका नमुना तयार करतानाच होतात.

उंदराच्या फुफ्फुसात दीड ते २ टक्के कमी तापमानाला वितळणारं ॲगरोज भरतात, सुमारे एक मिलिलिटर, ३७ ते ४० अंशांवर. मागोमाग ०.२ मिलिलिटर हवा ढकलली की श्वासनलिकांतलं ॲगरोज वायुकोशांत जातं. बर्फावर अर्धा तास, मग व्हायब्रेटोमवर ३०० ते ४०० मायक्रोमीटरचे काप. थंड छातीत भरलं तर ॲगरोज अर्ध्या वाटेतच गोठतं आणि खालचे भाग रिकामे राहतात. असे काप पात्याखाली चुरगळतात.

अडचण ही की गोठलेलं ॲगरोज ऊतीपेक्षा कितीतरी ताठ असतं, आणि ते पुन्हा वितळायला ६५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. ३७ अंशांवर धुऊन ते विरघळत नाही. पृष्ठभागाजवळचे तुकडे धुण्यात गळून पडतात, बाकीचे राहतात. म्हणून वरून प्रतिमा बघत टोक भिंतीवरच टेकवायचं आणि निव्वळ ॲगरोजचा एक तुकडा वेगळा मोजून त्याचा आकडा हाताशी ठेवायचा. नकाशात तो आकडा जिथे जिथे दिसेल तिथे शंका घ्यायची.

टोक अणकुचीदार नको. ५ मायक्रोमीटर व्यासाचा काचेचा गोळा लावलेली पट्टी घ्या, स्प्रिंग स्थिरांक ०.०६ न्यूटन प्रति मीटरच्या जवळपास. यंग मोड्यूलस (ओढण्या-दाबण्याला असलेला विरोध) २ किलोपास्कल असेल तर अर्धा मायक्रोमीटर दाबायला हर्ट्झच्या सूत्राने (गोळा आत दाबायला किती बल लागेल ते सांगणाऱ्या) २ नॅनोन्यूटन लागतात आणि पट्टी ३३ नॅनोमीटर वाकते. हे नीट मोजता येतं. दहापट ताठ पट्टी घेतली तर वाकणं ३ नॅनोमीटर होईल आणि गोंगाटात बुडेल. उलट, व्रणाच्या भागात २० किलोपास्कल आले तर हीच पट्टी ३३० नॅनोमीटर वाकते, तेही चालतं.

वाकण्याची संवेदनशीलता ज्या द्रवात मोजणार त्याच द्रवात, काचेवर दाबून काढायची. लेसर हलला, द्रव बदलला, तापमान बदललं की पुन्हा. स्प्रिंग स्थिरांक डब्यावर छापलेला असतो तो गृहीत धरू नये, तो पुष्कळदा बराच चुकीचा असतो. उष्णतेच्या कंपनांवरून स्वतः काढावा. गोळ्याला ऊती चिकटू नये म्हणून बोवाइन अल्ब्युमिनचा थर देतात. तरीही परतीची कड चिकटण्याने बिघडलेली असते, म्हणून मोड्यूलस आत जाणाऱ्या कडेवरून काढायचा. स्पर्शबिंदू हाताने ठरवू नका. दोन माणसं दोन बिंदू धरतात आणि आकडे वेगळे येतात.

काप पातळ असला तर खालची काच जाणवते. १० मायक्रोमीटरच्या क्रायोस्टॅट कापावर याच गोळ्याने अर्धा मायक्रोमीटर दाबलं तर आकडा सुमारे १४ टक्के फुगतो, २ मायक्रोमीटर दाबलं तर तीस टक्क्यांहून जास्त. जाड कापावर ही भानगड नाही, पण तिथे दुसरी आहे: भिंतीखाली पोकळी असेल तर भिंत दबत नाही, वाकते, आणि आकडा खोटा कमी येतो. हर्ट्झचं सूत्र सपाट, भरीव, अमर्याद जाड पदार्थासाठी आहे. फुफ्फुसात यातलं एकही गृहीतक पूर्ण खरं नाही. म्हणून एएफएमचे आकडे तुलनेसाठी वापरावेत, अंतिम सत्य म्हणून नव्हे.

पॉयसन गुणोत्तर (एका दिशेने ताणलं की आडव्या दिशेने किती आक्रसतं ते) ०.५ धरलं की ०.४, हेही लिहा. ०.४ धरल्यास मोड्यूलस १२ टक्के जास्त निघतो. फार नाही, पण दोन लेखांतला 'लक्षणीय' फरक कधीकधी एवढाच असतो.

८० बाय ८० मायक्रोमीटरचा एक नकाशा, त्यात शंभर-दोनशे टोचण्या, प्रत्येक कापावर निदान तीन जागा. मिळणारं वितरण एका बाजूला लांब शेपटीचं असतं, विशेषतः फायब्रोसिसमध्ये, जिथे मऊ आणि ताठ भाग शेजारीशेजारी असतात. सरासरी देऊ नका, मध्यक आणि चतुर्थकं द्या. आणि नमुन्याची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या. तीन उंदरांवरच्या दोन हजार टोचण्या म्हणजे नमुने तीनच. दोन हजार धरून काढलेला अतिसूक्ष्म 'पी' फक्त यंत्र किती चिकाटीने टोचत होतं ते सांगतो.

जिवंत माणसात

इथे तुकडा कापता येत नाही, म्हणून फुफ्फुसाबाहेरचा दाब अन्ननलिकेतून घेतात. १० सेंटिमीटर लांबीचा पातळ फुगा नाकातून अन्ननलिकेच्या खालच्या तिसऱ्या भागात, त्यात उत्पादकाने सांगितली तेवढीच हवा. जुन्या लॅटेक्सच्या फुग्यांत अर्धा ते एक मिलिलिटर. हवा जास्त भरली की फुग्याचाच ताण मोजला जातो. जागा बरोबर आहे का हे १९८२ च्या बायदुर चाचणीने तपासतात: श्वासमार्ग बंद करून व्यक्तीला श्वास घ्यायला सांगायचं, अन्ननलिकेतला आणि तोंडातला दाब सारखाच बदलला पाहिजे. गुणोत्तर ०.८ ते १.२ च्या बाहेर गेलं तर फुगा सरकवा. तोंडातल्या दाबातून हा दाब वजा केला की फुफ्फुसावरचा दाब मिळतो. निरोगी प्रौढात एक सेंटिमीटर पाण्याला सुमारे २०० मिलिलिटर आत येतात. छातीच्या पिंजऱ्याचेही तेवढेच, म्हणून दोन्ही मिळून १००. व्हेंटिलेटरच्या पडद्यावर दिसणारी ही मिळून आलेली किंमत असते. ती फुफ्फुसाची म्हणून वाचणं लठ्ठ रुग्णात चांगलंच फसवतं.

चुंबकीय अनुनाद इलास्टोग्राफीने छातीवर कंपन देऊन लहरींच्या लांबीवरून कर्तन मोड्यूलस (आडवं सरकवण्याला असलेला विरोध) काढता येतो. फुफ्फुसात प्रोटॉन कमी आणि संकेत चटकन विझतो, त्यामुळे यकृताइतकं हे रुळलेलं नाही. पण त्यातूनही तेच दिसतं: पूर्ण श्वासावर आकडा जास्त, उच्छ्वासावर कमी. कुत्र्यांच्या फुफ्फुसांवर लाय-फूक यांनी १९७० च्या दशकात दाबून केलेल्या चाचण्यांत कर्तन मोड्यूलस फुफ्फुसावरच्या दाबाच्या सुमारे ०.७ पट निघाला होता. ५ सेंटिमीटर पाण्यावर ०.३४ किलोपास्कल, ३० वर २ किलोपास्कल. एकच निरोगी फुफ्फुस, केवळ फुगवण्याने सहापट ताठ.

कर्तन की यंग?

शेवटची गोष्ट जेलवर पेशी वाढवणाऱ्यांसाठी. साधं प्लास्टिक काही गिगापास्कलचं, म्हणजे ऊतीपेक्षा सुमारे दहा लाख पट ताठ, म्हणून पॉलिॲक्रिलमाइडच्या जेलवर जायचं हे ठीक. पण किती किलोपास्कलचा जेल? पेशी काढून टाकलेल्या आणि मूळ मानवी फुफ्फुसावरच्या २०१२ च्या एएफएम मोजणीत निरोगी ऊतीचा यंग मोड्यूलस सुमारे २ किलोपास्कल आणि फायब्रोसिसच्या ऊतीचा १६.५ आला. पेशी काढल्यावर तेच आकडे १.६ आणि ७.३ झाले. उंदरावरच्या २०१० च्या मोजणीत निरोगी ऊतीचा आकडा ०.५ किलोपास्कल आहे, पण तो कर्तन मोड्यूलस आहे. न दबणाऱ्या पदार्थात यंग मोड्यूलस कर्तनाच्या तिप्पट असतो, म्हणजे तो झाला १.५, आणि दोन्ही अभ्यास एकदम जवळ येतात. ऱ्हिओमीटरवर (जेल पिळून मोजणाऱ्या यंत्रावर) स्वतः तपासलेल्या जेलचा आकडा कर्तनाचा असतो आणि विकत घेतलेल्या जेलच्या वेष्टनावर बहुधा यंगचा. 'निरोगी' म्हणून कर्तनाचा २ किलोपास्कलचा जेल बनवला तर पेशींना ६ मिळतात, आणि तिथून पेशी काढलेल्या फायब्रोसिसच्या ऊतीत मोजलेल्या ७.३ पर्यंतचं अंतर फार उरत नाही.